बेटावरची माय

वऱ्हाडात समुद्र नाही. म्हणून चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका दिग्दर्शकाने मोर्शीकडच्या एका धरणाच्या पाण्यात उरलेली टेकडी गाठली, तिलाच भरसमुद्रातलं बेट ठरवलं आणि तिथे जुन्या काळच्या दुष्काळाचा सिनेमा काढला. बेटावरची उपाशी माणसं म्हणून काठावरचं गाव आयतंच मिळालं. सिनेमा थोर ठरला, म्हणजे तेव्हा तो कोणी पाहिला नाही.

यंदा तो धुऊनपुसून अमरावतीत दाखवणार असं कळलं, तसा अंकुर आपल्या बापाला, मूळच्या त्याच गावच्या खुशालरावांना, घेऊन अकोल्याहून आला. अंकुर तान्हा असताना त्याची माय सुभद्रा तापाने गेली. तिचा एकही फोटो नव्हता. लग्नात सांगितलेला फोटोवाला भलत्याच मांडवात जेवून आला होता. सिनेमातल्या मयतीला मात्र ती रडायला बसली होती. मायचा चेहरा एकदा पाहायचा, एवढंच अंकुरचं मागणं होतं.

आधी एका विद्वानांनी भाषण केलं. बेटावरच्या बायांचं झाकलेलं दुःख ही दिग्दर्शकाची अजोड कल्पना, असं त्यांनी सांगितलं.

मग मयत आली. प्रेताभोवती बाया बसलेल्या, सगळ्यांना कंपनीने दिलेली एकसारखी काळी लुगडी, आणि प्रत्येकीचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

खुशालरावांना तेव्हा आठवलं. गावातले वडीलधारे म्हणून दिग्दर्शकाने त्यांच्या बापाला, नत्थुजींना, मानाने कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली होती. सासऱ्यासमोर गावची कोणती सून उघड्या तोंडाने रडणार? एकीचंच तोंड उघडं होतं, मुंबईहून आलेल्या एका दुय्यम नटीचं. तिचा सासरा तिथे नव्हता.

"बा, यातली माय कोन्ती?"

खुशालरावांनी एकेक पदर पाहिला. आपली बायको त्यांना ओळखू येईना.

"सांग ना बा. जाऊन राहिलं थे."

"थे पाय," खुशालराव म्हणाले. "उघड्या तोंडाची."

अंकुरने मोबाईल उचलला.

बाहेर आल्यावर तो बराच वेळ नाक ओढत होता. मग म्हणाला, आपल्या पोरीचं, आचलचं, नाक आजीवरच गेलं. खुशालराव हो म्हणाले.

आता अकोल्याच्या घरी ती नटी चौकटीत आहे. सणावाराला तिला हार घालतात, नैवेद्य दाखवतात. नटी अजून हयात आहे म्हणतात. खुशालराव पुढे होऊन हात जोडतात, डोळे मिटतात आणि सुभद्रेला आठवू पाहतात. पण अलीकडे मिटल्या डोळ्यांपुढेही नटीच येते.