कुठेही शाखा नाही

गणपतरावांनी चष्मा कपाळावर सारला आणि कॉम्प्युटरचा पडदा रुमालानं पुन्हा पुसला. तरी त्यांच्या दुकानाचं नाव काही वर येईना.

"काचंवर न्हाय ओ ते, आबा," वैजयंता म्हणाली. कॉलेज सुटलं की लेक बापाला घेऊन नेटकॅफेत बसायची.

दिवाळीपर्यंत बाहेरगावची गिऱ्हाइकं लागली नाहीत, तर शिवाजी पेठेतला चटणी कुटायचा डंक विकायचा ठरला होता. वैजूनं वेबसाइट केली. दुसऱ्यांनी आपली लिंक लावली की शोधात आपण वर सरकतो; त्यांनी आपली लावावी, आपण त्यांची. लग्नातल्या आहेरासारखा हा व्यवहार गणपतरावांना लगेच पटला. महिनाभर त्यांनी दिसेल त्याला आहेर केला. कांदा-लसूण चटणीखाली गोव्याची हॉटेलं, केसांचं तेल, पत्रिका जुळवणारे आणि फुकट रिंगटोनवाले एका पंगतीत बसले.

शोधात सगळ्यांत वर मात्र जयसिंगपूरचा कृष्णात. धाकटा भाऊ, धंदा तोच. वाटण्या झाल्या त्याच आठवड्यात गणपतरावांनी पेंटर बसवून दुकानाच्या पाटीवर 'आमची कुठेही शाखा नाही' असं रंगवून घेतलं होतं. वेबसाइटवरही तीच ओळ सर्वांत ठळक.

"आपल्याच धंद्यातल्याची लिंक जास्त चालतीया," वैजू म्हणाली. "काकांना विचारू?"

"त्यापरास रिंगटोनवाला बरा की."

"त्यानं एक तरी गिऱ्हाईक धाडलंय?"

गणपतराव उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. पुन्हा उठले.

"काय लिवलंय तरी बघ त्यानं. भाव काय लावलाय?"

तिनं कृष्णातचं पान उघडलं. भावांच्या खाली, काळ्या अक्षरांत एक ओळ होती : 'आमचे मूळ दुकान – शिवाजी पेठ, कोल्हापूर.'

वैजूनं त्या ओळीवर दाबून पाहिलं. काहीच उघडलं नाही.

"लिंक न्हाय ही. नुसतं लिवलंय," ती म्हणाली. "आपली वेबसाइट नव्हती, तवाचं पान हाय."

गणपतरावांनी चष्मा खाली घेतला. ओळ पुन्हा वाचली. या खेपेला पडदा पुसला नाही.

"काकांना लिंक जोडायला सांगू?"

"सांग."

"आणि आपण त्यांचं काय लावायचं?"

ते दाराशी पोचले होते.

"आबा, कुठं निघालासा?"

"येतो. न्हायतर पाटीवाला पेंटर दुकान बंद करंल."