मोऱ्याने मान वर केली नाही

मी एक जुना सायलेन्सर आहे. जवळा बाजारच्या चतुराबाईंच्या गोठ्यात गव्हाणीच्या दांडीला टेकू देऊन उभा आहे. अंगावर गंजाचे पापुद्रे आले आहेत आणि माझ्या तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्या आहेत. मित्रांनो, सारे आयुष्य ट्रकच्या पोटाखाली काढलेल्या मला गोठ्यात ही जागा कशी मिळाली, ते सांगतो.

माझा ट्रक परदेशी बनावटीचा होता. सिद्धेश्वर धरणाचे काम संपल्यावर तो लिलावात निघाला. त्या कामावर हाच ट्रक चालवणारे रामकिशन यांनी धाकटा भाऊ संतराम याच्या भागीत तो घेतला. त्याच्या इंजिनाला टर्बो होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या झोतावर एक लहानसा पंखा फिरे आणि त्याच्या बळावर इंजिनाला जादा हवा मिळे. अशा इंजिनाच्या धुराला पुढे मोकळी वाट लागते. ती अडली की पंखा मंदावतो आणि सारे बळ सरते.

१९७४ च्या सुमारास ट्रकचा मूळ सायलेन्सर गंजून गळून पडला. भावांनी एका मोडक्या बसचा अरुंद सायलेन्सर बसवला. ट्रकचा आवाज कमी झाला, पण औंढ्याच्या चढावर कापसाचे ओझे घेऊन तो धापा टाकत थांबला. मग संतरामने कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावरच्या ट्रकांना पाहिली होती तशी उघडी नळी लावून घेतली.

"दादा, आता निस्ता वाघ हाय," तो म्हणाला.

ट्रक चढ चढला खरा. मात्र पुढच्या बाजाराच्या दिवशी वाटेवर त्या आवाजाने चतुराबाईंचा बैल मोऱ्या बुजला. बैलगाडी कलंडली, कापूस धुळीत सांडला आणि चतुराबाईंचा हात मुरगळला. हात पदरात धरून त्या रामकिशन यांना एवढेच म्हणाल्या, "तुझा वाघ तुझ्यापाशीच ठेव, बाबा. आमचं घर बैलाच्या मानेवर चालतं."

शेतांतून कापूस यायचा तो बैलगाड्यांतून, आणि त्या गाड्या ट्रकला भिडवूनच तो भरला जाई. आता कोणी आपले बैल ट्रकजवळ आणीना. ट्रक रिकामा उभा राहू लागला.

"इकून टाकू दादा," संतराम म्हणाला. "येत्या बाजाराला बी भरला न्हाई, तर मी गिऱ्हाईक घेऊन येतो."

रामकिशन यांनी ट्रक बाहेर काढला. ते हिंगोलीला हिरासिंग वेल्डरकडे गेले. तिथे धरणाच्या कालव्याच्या उरलेल्या रुंद नळीपासून माझा जन्म झाला. वळणे सौम्य ठेवली, म्हणजे धूर कुठे अडखळणार नाही. आत भोके पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती पत्र्याचा डबा, असा माझा देह होता.

"आवाज किती कमी पाहिजे?" हिरासिंगने विचारले.

"ते मला न्हाई सांगता येणार," रामकिशन म्हणाले. "मोऱ्या सांगंल."

मित्रांनो, या माणसाविषयीचा माझा आदर त्या क्षणी सुरू झाला. ट्रक घेऊन ते थेट चतुराबाईंच्या दारी गेले. आधी हाताची चौकशी केली, मग म्हणाले, "मावशी, मोऱ्या कडबा खात असताना मी गाडी चालू करतो. त्यानं मान वर केली, तर ही नळी काढून टाकीन."

चतुराबाईंनी कडब्याची पेंढी सोडली. इंजिन सुरू झाले. मोऱ्याची मान झटक्यात वर आली आणि दावे ताणले गेले. रामकिशन यांनी लगेच इंजिन बंद केले, बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि आल्या वाटेने हिंगोलीला परतले.

हिरासिंगने मला कापले, माझी लांबी वाढवली आणि डब्याच्या पोकळीत बॉयलरवर गुंडाळतात ती काचतंतूंची लोकर ठासून भरली.

"गाडीच्या पोटात बी कापूसच व्हय?" संतराम हसला.

दुसऱ्या परीक्षेच्या वेळी त्याने हळूच एक तोड सुचवली. "मावशी, कडब्याऐवजी सरकी टाकू का? मंग ढग गडगडला तरी मान काढणार न्हाई."

"लाच देऊन पास करून राहिला व्हय?" चतुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी मुद्दाम सर्वांत कोरडा कडबा टाकला.

इंजिन सुरू झाले. माझ्यातून धूर सळसळत निघाला आणि एक खोल, मऊ घुमारा अंगणात पसरला. मोऱ्याचा एक कान हलला. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने कडब्याचे एक ताट ओढले आणि तो चावत राहिला.

"माझी गाडी पहिली लावते," चतुराबाई म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी त्यांनी सर्वांदेखत मोऱ्याला ट्रकपाशी नेले. मग मागच्या गाड्या एकेक पुढे आल्या. ट्रक काठोकाठ भरला. औंढ्याच्या चढावर टर्बोची बारीक शीळ मला ऐकू आली. मी वाट अडवली नाही, आणि ट्रक न थांबता माथ्यावर पोहोचला. तिथे रामकिशन यांनी गाडी बाजूला घेतली. खाली वाकून संतरामने माझ्याकडे पाहिले. गिऱ्हाइकाचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

पुढे कित्येक हंगाम आम्ही राबलो. ट्रक थकला तेव्हा मला भंगारात द्यायचे ठरत होते. चतुराबाईंनी अडवले. "काहून देता? माझ्या मोऱ्यानं पास केलेला हाय."

मित्रांनो, तुम्हीही एखाद्या दिवशी यंत्रे घ्याल, त्यांचे बळ वाढवाल. जरूर वाढवा. पण ती चालू करण्यापूर्वी वाटेवर तुमच्या शेजारून कोण चालले आहे, तेवढे पाहा. आणि माझ्यासारखे कोणी गंजत पडलेले दिसले, तर त्याला तेलाचे एक बोट लावा.

मोऱ्या आता म्हातारा झाला आहे. कडबा चावता चावता तो माझ्यावर मान घासतो, आणि माझ्या अंगावरचा थोडा गंज त्याच्या पांढऱ्या केसांना लागतो.