दोन खिळ्यांची फळी

गावचा हॉल बांधायला सगळ्यांचे हात लागले, पण आतली लाकडी जमीन घातली ती सुतारकाकूंच्या नवऱ्याने, एकट्याने. काम अगदी चोख! फक्त स्टेजसमोरची शेवटची फळी दोन खिळ्यांवरच राहिली आणि पाय पडला की कुईई करून ओरडायला लागली. झालं, गावाला तेवढंच पुरे. काकांचं नावच पडलं 'दोनखिळे'.

काका हसण्यावारी न्यायचे. काकूंना मात्र ते चाळीस वर्षं सलत होतं. फळी का राहिली ते दोघांनाच ठाऊक, आणि काका म्हणायचे, "घरातली गोष्ट घरात राहू दे गं."

गंमत म्हणजे गावाने त्या फळीलाही कामाला जुंपलं. सभा असो, बारसं असो, ज्याला बोलायचं त्याने आधी फळीवर पाय द्यायचा. कुईई झालं की हॉल चिडीचूप.

काका गेले. वर्षाने हॉलची डागडुजी निघाली, तेव्हा काकूंनीच सुतार पुतण्याला बजावलं, "आधी ती फळी पक्की कर. गेलेल्या माणसाला तरी नावं ठेवायला नकोत." त्याने उरलेले खिळे ठोकले. काकूंना हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात काकांच्या आठवणीची सभा भरली. मास्तर उठले, सवयीने फळीवर पाय दिला. आवाजच नाही! गप्पा चालूच. बिचारे काकांबद्दल चार चांगले शब्द बोलत होते, पण पहिल्या रांगेपलीकडे काही पोचेना.

काकू ताडकन उठल्या. अगं बाई, हे काय करून बसले मी! ह्यांना गप्प केलं ते मीच.

"कटावणी आण रे," त्या पुतण्याला म्हणाल्या.

"आत्ता, काकू?"

"आत्ता नाही तर काय मी मेल्यावर?"

नवे खिळे निघाले. काकूंनी फळीवर पाय दिला. कुईई! सगळा हॉल त्यांच्याकडे बघू लागला. आयुष्यभर हा हॉल झाडला, पण इथे तोंड कधी उघडलं नव्हतं. आता बोलणं भाग होतं.

"ही फळी आमचे हे ठोकत होते, तेवढ्यात निरोप आला, मला कळा सुरू झाल्या. हातोडी टाकून धावले. आमची लेक तासभरच जगली. त्यांच्या मांडीवर गेली. नंतर ही फळी ठोकायला त्यांचा हात धजला नाही. म्हणाले, तिचं एवढंच राहिलंय आपल्याकडे."

काकू बाजूला झाल्या तशी फळी पुन्हा ओरडली. कोणी हसलं नाही.