पातळ फोम

गालिचा काढून जमिनीवर लॅमिनेटच्या पट्ट्या बसवायचं नवऱ्याने ठरवलं, तेव्हा बायकोला हायसं वाटलं. तो घरातही बूट घालूनच फिरायचा, पण त्या जाड गालिच्यावर त्याची पावलं वाजतच नसत. तो मागे येऊन उभा राहिलाय, हे तिला केस ओढले गेल्यावरच कळायचं.

दुकानदाराने पट्ट्यांखाली अंथरायच्या फोमचे दोन तुकडे पुढे ठेवले. "हा जाड घ्या वहिनी. पावलांचा आवाज अजिबात नाही."

"पातळच द्या," ती चटकन बोलून गेली.

नवऱ्याने मान वळवली. "का गं? फार अक्कल आली?"

तिने जाड तुकडा बोटाने दाबून दाखवला. "जाड फोमवर पट्ट्या दबतात, सांधे निसटतात." हे तिने आठवडाभर पाठ केलं होतं.

"बरोबर आहे वहिनींचं," दुकानदार म्हणाला. तिच्या मनगटावरचे वळ बघूनही तो तेवढंच बोलला. सगळे तेवढंच बोलतात.

नवी जमीन बसवून झाली. पहिल्याच संध्याकाळी दार उघडल्याचा आवाज आला, तशी तिने भांडी घासता घासता नळ बंद केला आणि कान टवकारले. बुटांची टकटक काही येईना.

"नव्या जमिनीवर ओरखडे नकोत, म्हणून बूट दारातच काढले," नवरा तिच्या मानेशी म्हणाला. "तू काय ऐकत होतीस?"