धनश्रीचा हात

"मातीच खेयनी शे, तर बालवाडी कसाले पाहिजे? आपली गल्ली काय फरशीनी शे?" रातपाळीहून आलेला चिंधा चुळा भरता भरता पुटपुटत होता. "ना पाटी, ना घोकनं."

शोभाबाईनं नवऱ्याचं बोलणं कानाआड केलं. ती लेकीच्या, धनश्रीच्या बोटांवरचा वाळलेला गुंदर नखानं खरवडत होती.

लिंबायतच्या त्या गल्लीत घरोघर साड्यांचे गठ्ठे यायचे. मंगलाबाई ते वाटायची आणि बायका दिवसभर साड्यांना गुंदरानं टिकल्या चिकटवायच्या. बायकांच्या मांडीला मांडी लावून पोरंही बसायची, पण ते कुणी कुणाला विचारत नसे. ज्याच्या त्याच्या घरावर पडदा होताच.

बालवाडीच्या अनुसयाताई मराठवाड्याच्या, नुकत्याच प्रशिक्षण घेऊन आलेल्या. पोरानं हातानं करावं, करता करता शिकावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तिथं माती, वाळू, चिंचोके, पाण्याची बादली. धनश्री गेली की कोपरापर्यंत मातीत. बैल करायची, मोडायची, पुन्हा करायची. बालवाडीच्या त्या वेळावर शोभाबाईचा जीव होता. घरी पोरीला काही मोडायची सोय नव्हती. साडी बिघडली तर मंगलाबाई दारात उभी.

शनिवारी ताईंनी आईबापांना बोलावलं. भिंतीवर पोरांनी डाळी, चिंचोके चिकटवलेले कागद टांगले होते. मधोमध धनश्रीचं फूल. पाकळ्या सुतात आखल्यासारख्या, गुंदराचा कुठं डाग नाही.

"चार वर्साचं लेकरू हाय बघा," ताईंचा ऊर भरून आला होता. "कुनी शिकवलं नाही. वस्तू हातात दिली की लेकराची बोटं आपसूक शिकतात. आता हिला मातीत नाही बसवायची. रोज हेच काम देनार. लेकराचा कल बघावा लागतो."

बायका खाली सतरंजीकडं बघू लागल्या.

"ताईनं मेहनत लई घेतली," गल्लीतली प्रमिलाबाई म्हणाली.

"हात चांगला शे पोरना," मंगलाबाई शोभाबाईवरची नजर न काढता बोलली. "कोनवर गयी काय माहीत."

चिंधानं मिशीवरून हात फिरवला. "मी तर पहिलेपासून म्हनस, बालवाडी चांगली शे."

धनश्रीनं ताईंचा पदर ओढला. "माती?"

"आता तू हुशार झालीस ना, बाळा." ताईंनी चिंचोक्यांची वाटी पुढं सरकवली.

पोर भिंतीला पाठ लावून बसली, मान खाली घातली आणि एकेक चिंचोका उचलू लागली. घरी बसायची, अगदी तशीच.

शोभाबाई उठली. मंगलाबाईनं तिचं लुगडं धरून खाली ओढलं. तिनं ते सोडवून घेतलं.

"ताई, हे तुमी नही शिकवलं. घरी साडीले टिकल्या लावते ती. मीच बसवते तिले. इथं बसलेल्या सगळ्यांचीच पोरं लावतात. तुमच्याकडं तरी तिले मातीत राहू द्या."