नावापुरती मालकीण

चंपतराव ठवकरांनी सरकारला कसं फसवलं, हे आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. चार वर्षांपूर्वी दोन खोल्या आणि पुढे छपरी असलेलं घर घेताना त्यांनी ते बायकोच्या, म्हणजे शामलाच्या, नावावर केलं. बाईच्या नावानं खरेदी केली की मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. चंपतराव गांधीबागेत कापडाच्या दुकानात तीस वर्षं गिऱ्हाइकांशी घासाघीस करत आलेले. एक टक्का सुटला म्हणून त्यांनी दुकानभर आलूबोंडे वाटले होते.

"घर माहं, नाव तिचं, अन् सूट सरकारची!" असं ते छपरीत बसून सांगत. ऐकणारे पुरुष माना डोलवत. आत शामला ब्लाऊज शिवत असायची. मशीन काही थांबायची नाही, त्यामुळे ती ऐकते की नाही ते कळत नसे.

यंदा त्यांच्या डोक्यात प्लॉट शिरला. कुहीच्या रस्त्यावर एक लेआऊट पडलंय. कमान आहे, कमानीवर दोन सिमेंटचे हत्ती आहेत, आणि त्यापुढे धानाच्या बांध्याच बांध्या, नुसती भातशेती. तिथं बंगला बांधायचा म्हणून हे घर विकायला काढलं. कामठीचे मारोतराव नावाचे रिटायर्ड मास्तर गिऱ्हाईक मिळाले. चंपतरावांनी इसार घेतला, पावतीवर ऐटीत स्वतःची सही ठोकली आणि संध्याकाळी बायकोला सांगितलं, "सामान बांधून ठेवजो."

दुसऱ्या दिवशी मी ब्लाऊज आणायला गेले तर शामला म्हणाली, "कुसुमताई, तिथं चिटपाखरू नाही. मी कोनाचे ब्लाऊज शिवू? बगळ्यायचे?"

"मग सांग ना त्यांना."

"कवा सांगू? थे विचारतच नाहीत तं सांगाले जागा कुठं हाये?"

मास्तर मात्र मास्तरच होते. कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नव्हते. म्हणून एका शनिवारी आम्ही सगळे धंतोलीत हिमानी वकील यांच्या खोलीत जमलो. चंपतराव, मास्तर, शामला, साक्षीदार म्हणून मी, आणि भैयाजी. भैयाजी हे चंपतरावांचे कायदेतज्ज्ञ मित्र. त्यांची पात्रता म्हणजे स्वतःचे दोन दावे लढले आणि दोन्ही हरले.

हिमानीनं, वय फार तर तीस असेल, इसारपावती पाहिली, मग खरेदीखत. मग चष्मा वर केला.

"घराचे मालक कोण?"

"मीच तं!" चंपतराव छाती काढून म्हणाले.

"इथे शामला ठवकर लिहिलंय."

"थे नुसतं नावापुरतं हाये, मॅडम. टक्क्यासाठी."

"नावापुरतीच असते हो मालकी," हिमानी शांतपणे म्हणाली. "तुम्ही दिलेली इसारपावती तुमच्या सहीची आहे. विक्रीखतावर यांची सही लागेल."

"करनच ना थे! कर वं."

"अजून दस्त तयार व्हायचाय. आधी मला त्यांना विचारायचंय."

भैयाजी खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, पैसे नवऱ्यानं देल्ले. मंग मालक नवराच. कायदा हाये."

"तसं म्हणणं असेल तर कोर्टात सिद्ध करावं लागेल," असं म्हणत तिनं खरेदीखताची पानं उलटली. "आणि जरा अवघडच जाईल. पान चार ऐका. 'सदर मिळकत लिहून घेणार शामलाबाई यांनी स्वतःच्या शिलाईच्या कमाईतून व स्त्रीधनातून खरेदी केली असून, त्यांचे पती चंपतराव यांचा त्यावर आज रोजी वा भविष्यात कोणताही हक्क, हितसंबंध वा दावा राहणार नाही.' खाली संमती म्हणून तुमची सही. हे कोणी लिहवलं?"

चंपतरावांनी भैयाजींकडे पाहिलं. भैयाजींनी पंख्याकडे.

"इनकमटॅक्सवाल्यायनं विचारू नाही म्हनून..." भैयाजी पंख्यालाच म्हणाले. "जरा मजबूत करून घेतलं."

"मजबूतच झालंय," हिमानी म्हणाली.

"पन थे खोटं हाये ना!" चंपतराव ओरडले. "कागदावर लिहाले काय जाते!"

"खोटं नाही," शामला म्हणाली.

चार वर्षांत छपरीतल्या गप्पांमध्ये जिचा आवाज कधी आला नव्हता, ती बोलली. तिनं पदर सारखा केला.

"दोन बांगड्या अन् गोफ मोडला होता. तुमीच गेले होते सराफाकडं. अन् आपला पोरगा आयुष पोटात होता तवापासून माह्या शिलाईची भिशी. सबन त्या घरातच गेलं. बाकी तुमचे होते, मी नाही कुठं म्हनतो? पन तुमाले तुमचेच आठोतात." मग ती वकिलाकडे वळली. "मॅडम, मी सही नाही केली तं मले पोलीस नेतीन का?"

"नाही हो."

"मंग काय होईन?"

"काहीच नाही. घर तुमचं राहील. यांना मास्तरांचा इसार परत द्यावा लागेल."

शामलानं आपल्या बोटांकडे पाहिलं. सुईनं टोचून टोचून त्या बोटांची टोकं चाळणीसारखी झाली आहेत. मग म्हणाली, "तं मी नाही करत."

मास्तरांनी चष्मा पुसला. "बाई, माझी काही तक्रार नाही. माझ्या बायकोचं नाव तर रेशनकार्डाशिवाय कुठंच नाही. घरी जाऊन बघतो आता."

परतीच्या ऑटोत भैयाजींना अचानक अजनीत काम निघालं, ते मधेच उतरले. घराशी आलो तर शामलानं कुलूप काढलं आणि आत गेली. चंपतराव छपरीत चपला काढून उभेच राहिले. रोज न विचारता दाणदाण आत जाणारा माणूस!

"जा ना आत," मी म्हटलं.

"जातो, जातो. काई घाई हाये का?"

मी ब्लाऊजचं माप द्यायला आत गेले. शामलानं मशीन सुरू केली होती. बाही जोडत होती, मान खाली. दारातून चंपतराव दोनदा खाकरले.

"अवं," ते म्हणाले. "त्या बांगड्या... कश्या होत्या वं? मले आठोत नाही."

मशीन थांबली.

"बसा," शामला म्हणाली. "सांगतो."