लय पळते तेव्हा

पियानोवाला गेला, म्हणून त्याच्या आठवणीत दुपारी क्लबात सगळे जमले. जो तो माइक हातात घेऊन तेच सांगत होता. काय त्याची लय, घड्याळ लावून घ्यावं अशी.

मागे बसलेला ड्रमवाला मनातल्या मनात चरफडत होता. घड्याळ कसलं? त्याचा अख्खा जन्म त्या माणसाला आवरण्यात गेला होता. वाजवायची पाळी आली की हा पठ्ठ्या बस सुटल्यासारखा पळायचा आणि बाकीचे धापा टाकत मागे. कितीदा तरी दोघांची यावरून जुंपली होती. पियानोवाला दरवेळी हसून म्हणायचा, "माझं काम पळायचं, तुझं आवरायचं."

शेवटी त्याचीच आवडती धून वाजवायला घेतली. पियानोवर त्याची पुतणी बसली. पोरगी तयारीची होती, लय एकदम सरळ. ड्रमवाल्याला आवरायला काही उरलंच नाही. समोरची मंडळी मात्र परक्या घरी बसल्यासारखी अवघडून ऐकत होती. एकाचाही पाय हलत नव्हता.

ड्रमवाल्याला ते बघवेना. त्याने लय जराशी पुढे ढकलली, मग आणखी जराशी. कोपऱ्यात कुणीतरी टेबल वाजवायला लागलं. पुतणी दचकली, मग हसली आणि सुसाट सुटली.

बेसवाला घामाघूम होऊन मागे वळला. "अरे, पळतोयस तू."

"माझं काम पळायचं," ड्रमवाला म्हणाला. "तुझं आवरायचं."